मनुबाईच्या गच्चीवरचा जावई

कोलशेतच्या मनुबाईला दोन मुलगे. मुलगी नाही, त्यामुळे जावई नावाचा प्राणी तिच्या घराने कधी पाहिला नव्हता. तो ब्याण्णव सालच्या जानेवारीत आला. टेम्पोतून आला आणि चार माणसांनी धरून त्याला गच्चीवर चढवला. उंची माणसाच्या छातीइतकी, अंग पत्र्याचं, डोक्यावर देवळासारखं उतरतं छप्पर आणि चालू केला की घोंऽऽ असा एकसुरी आवाज. काम काही दिसायचं नाही, वीज भरपूर खायचा, सगळ्या घरावर कुरकुरत बसायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा वरून हुकूम. कोळीवाड्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई ठेवलं.

यंत्राचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि लांबलचक होतं. काम मात्र सोपं होतं. दिवसभर हवा आत ओढायची आणि एका पांढऱ्या कागदातून गाळायची. हवेत जे असेल ते कागदावर बसतं. मग तो कागद ठाण्याच्या कॉलेजात न्यायचा, आम्लात उकळायचा आणि त्यात शिसं किती, जस्त किती, कॅडमियम किती ते मोजायचं. ठाण्याचा नाका, कळवा, डोंबिवली आणि कोलशेत अशा चार जागी चार यंत्रं बसवली होती. प्रकल्पाचं नाव ‘शहरी हवेतील जड धातूंचे मूल्यमापन’ आणि प्रमुख डॉ. प्रभाकर उपासनी. डॉ. उपासनींनी आयुष्यात अनेक गोष्टींचं मूल्यमापन केलं होतं आणि त्यातली एकही गोष्ट त्यामुळे बदलली नव्हती. याला ते वस्तुनिष्ठता म्हणत.

कोलशेतचं यंत्र सहदेव शेजवळकडे होतं. सहदेव कळव्याचा, रसायनशास्त्राचा पदवीधर, वय अडतीस, कॉलेजात हंगामी साहाय्यक. हंगाम गेली अकरा वर्षं चालू होता. दर सोमवारी सकाळी येऊन त्याने कोरा कागद बसवायचा, यंत्र चालू करायचं, मंगळवारी सकाळी येऊन कागद काढायचा, पाकिटात घालायचा आणि वहीत ‘यंत्राची स्थिती’ या रकान्यात एक शब्द लिहायचा. तो शब्द ‘उत्तम’ असा होता. दुसरा शब्द लिहायची वेळ आली नव्हती.

आता मनुबाईने हा जावई घरात घेतला कशाला, तर त्याला कारण होतं. तिच्या घरामागे जवळा सुकवायचं खळं होतं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं. खळ्याच्या पलीकडे पत्र्याचं कुंपण आणि कुंपणामागे महिपतशेठची भट्टी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवायचं, हा तिथला धंदा. भट्टी पेटली की खळ्यावरच्या जवळ्यावर काळी भुकटी बसायची. ठाण्याच्या बाजारात गिऱ्हाईक चिमूटभर जवळा उचलायचं, आपल्या बोटांकडे बघायचं आणि काही न बोलता पुढच्या कोळणीकडे जायचं. बोलून गेलं असतं तर मनुबाईने उत्तर दिलं असतं. न बोलणाऱ्याला ती काय करणार?

त्यात महिपतशेठने दुसऱ्या, तिप्पट मोठ्या भट्टीसाठी अर्ज केला. ती उभी राहणार होती थेट खळ्याला खेटून. म्हणजे खळं संपलंच. मनुबाई हरकत घेऊन ठाण्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, हवा खराब आहे हे तुमचं म्हणणं झालं. आकडा कुठे आहे?”

आकडा तिच्याकडे नव्हता. म्हणून जेव्हा कॉलेजची माणसं स्लॅबची गच्ची शोधत कोलशेतात फिरू लागली, तेव्हा ती आपणहून म्हणाली, “माज्या गच्चीवर ठेवा. भट्टी तितून समोर दिसते.”

“मावशी, आवाज करतं हे.” सहदेव म्हणाला.

“करू दे. माजा नवरा पन करतो.”

नवरा, दामाजी, तेव्हा जाळं विणत ओट्यावर बसला होता. त्याने मान वर केली नाही. चाळीस वर्षांत त्याने बऱ्याच गोष्टींना मान वर केली नव्हती.

जाताना सहदेवने बजावलं, “मावशी, हे मशीन नाजूक आहे. हात लावायचा नाही. आणि आत कचरा जाता कामा नये.” त्याला म्हणायचं होतं, की पोरांनी त्यात काही टाकू नये, वर मासे वाळत घालू नयेत. पण इतकं सविस्तर बोलायला वेळ नव्हता. कोलशेतहून ठाण्याची बस सुटायला आली होती.

आणि मग आकडे येऊ लागले.

ठाण्याच्या नाक्यावर पेट्रोलच्या धुरामुळे शिसं भरपूर. डोंबिवलीत भरपूर. कळव्यात बऱ्यापैकी. आणि कोलशेतात, भट्टीच्या तोंडासमोर, जवळजवळ शून्य. कागद काढावा तर पांढराशुभ्र. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पावसाळा, गणपती, सगळे कागद असे, की त्यावर पुन्हा पत्र लिहावं.

डॉ. उपासनींना या शून्याचा फार आनंद झाला. चार ठिकाणांतलं एखादं ठिकाण स्वच्छ निघालं, की आलेखाला खालची बाजू मिळते. “शेजवळ, ही तर थंड हवेची जागा निघाली,” ते म्हणाले. “खाडीचा वारा. हे लिहून ठेवा, खाडीचा वारा.”

“सर, पण माझा रुमाल काळा होतो तिथे.”

“रुमालाचं मूल्यमापन आपल्या प्रकल्पात नाही.”

सहदेवने रुमाल खिशात घातला. तो पदवीधर होता. रुमाल आणि कागद यांत मतभेद झाला तर कागदाच्या बाजूने उभं राहायचं, इतकं त्याला शिकवलं गेलं होतं. घरी मात्र त्याची बायको शकू दर सोमवारी तो रुमाल दोन बोटांत धरून बादलीत टाकायची. “तुमच्या त्या स्वच्छ गावाला जाताना काळा रुमाल नेत जा,” ती म्हणायची. “सारखं सारखं कोण घासणार?”

मनुबाई दर मंगळवारी विचारायची, “आकडा आला काय रं मास्तर?” कॉलेजातून येणारा तो मास्तर, मग तो कागद बदलायला का येईना.

“येतोय मावशी. अभ्यास चालू आहे.”

खोटं बोललो नाही, असं म्हणत तो जिना उतरायचा. तिचाच आकडा तिच्या विरुद्ध चालला होता. सहा नोव्हेंबरला, शुक्रवारी, दुसऱ्या भट्टीची सुनावणी होती आणि पुरावा म्हणून कॉलेजचा अहवाल मागवला होता. महिपतशेठला त्याचा सुगावा लागला असावा, कारण दिवाळीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत काजूकतलीचा एक पुडा आला. तो सहदेव सोडून सगळ्यांनी खाल्ला. सहदेवपर्यंत येईतो तो संपला होता.

दिवाळी सरून आठवडा झाला. सोमवारी सकाळी सहदेवने कोलशेतात कागद बसवला, परत कॉलेजात आला, तर डॉ. उपासनी हातात निकालाचा तक्ता घेऊन उभे होते. ऑक्टोबरचे कागद एकदम तपासून आले होते. कोलशेतच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य आणि त्यांच्यामध्ये पाच ऑक्टोबरला अडतीस.

“अडतीस,” डॉ. उपासनी म्हणाले. “ठाण्याचा नाका एकाच्या वर जात नाही आणि इथे अडतीस. इतकं शिसं हवेत असतं तर कावळे खाली पडले असते. जा आणि कारण शोधून या. आत्ताच्या आत्ता.”

सहदेव त्याच पावली परत फिरला. तो सोमवारी दुपारी कोलशेतात यापूर्वी कधीच गेला नव्हता. सोमवार सकाळ आणि मंगळवार सकाळ, या दोन सकाळींच्या मधलं कोलशेत त्याला माहीत नव्हतं.

तो गच्चीवर चढला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला. जावयाच्या छपराखाली, जिथून हवा आत शिरते त्या चारही बाजूंनी, जुन्या लुगड्याचं ओलं फडकं गच्च गुंडाळलेलं होतं. नीट, निगुतीने, मागे गाठ मारून. सकाळी आठला बांधलं असेल. बारा वाजेपर्यंत त्यावर काळसर थर आला होता. आत जावई गुदमरल्या आवाजात घोंघावत होता.

“मावशी!”

मनुबाई हात पुसत वर आली. वेळ नसताना आलेल्या पाहुण्याला बघून कुणालाही होईल तितकीच ती गोंधळली.

“हे काय आहे?”

“फडका.”

“ते दिसतंय मला. कशाला बांधलाय?”

“कशाला म्हंजे? तूच बोललास ना, आत कचरा जायाला नको. तू सकालला गेलास की मी बांधते. उद्या तू यायच्या आदी सोरते, धुते, वालत घालते.”

सहदेवला वाटलं, कुठेतरी बसावं. बसायला फक्त पाण्याची टाकी होती. तो तिच्यावर बसला.

“दर सोमवारी?”

“येक सोमवार चुकवला नाय,” मनुबाई अभिमानाने म्हणाली. “पयल्या टायमाला तू त्यो कागुद काडलास ना, केवरा काला झालेला! मना लाज वाटली. लोकाची वस्तू आपल्या घरात, आन तिचा तोंड असा? उद्या तुजा सायेब बोलंल, कोलनीच्या घरात ठेवली न् घान करून टाकली.”

पहिला कागद काळा होता, हे सहदेवला आठवलं. तो डॉ. उपासनींनी ‘यंत्र नवीन असल्यामुळे’ म्हणून रद्द केला होता.

“पण मी सांगितलेलं, हात लावायचा नाही.”

“हात कुटं लावला? फडका लावला.”

सहदेवने दुसरा प्रश्न विचारला. “आणि पाच ऑक्टोबरला काय झालं? तो सोमवार.”

मनुबाईने बोटांवर हिशेब केला. “ती खंडेनवमी ना रं. त्या दिसाला होरीची, जाल्याची, कोयत्याची, समद्यांची पूजा केली. ह्याची नको करायला? घरातला हाय. झेंडूची माल घातली, नारल फोरला, शेंदूर लावला.”

“शेंदूर कुठे लावला?”

“तोंडाला. दुसरा कुटं लावतात?”

सहदेवने उठून छपराखाली वाकून बघितलं. कडेला, कागदापासून वीतभर अंतरावर, शेंदराचा लालभडक पट्टा महिन्यानंतरही बऱ्यापैकी टिकून होता. शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल भस्म, हे तो पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकला होता. यंत्राने पूजेच्या दिवशी ते मनसोक्त ओढलं होतं.

“आणि फडकं? त्या दिवशी पण बांधलेलं?”

“पूजेच्या दिसाला कुनी तोंड झाकतो काय? तवरा येक दिस उगरा ठेवला.”

म्हणजे पहिल्या कागदानंतर वर्षभरात जावयाने मोकळा श्वास घेतला तो एकच दिवस आणि त्याच दिवशी त्याच्या नाकाला शेंदूर फासलेला. अडतीसमध्ये भट्टी किती आणि खंडेनवमी किती, हे सांगणं आता कुणाच्या हातात नव्हतं.

सहदेवने तिला समजावून सांगितलं. जानेवारीत सांगायला हवं होतं ते नोव्हेंबरात सांगितलं. कागद काळा व्हायलाच हवा होता. तो काळेपणा म्हणजेच आकडा. मनुबाई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

“म्हंजे,” ती शेवटी म्हणाली, “साक्षीदार बोलायला बसलेला आन मी सारखी त्याचा तोंड पुसत व्हते.”

“तसंच काहीसं.”

“मंग खला गेला?”

दामाजी मघापासून जिन्यात उभा होता. त्याने या वेळी मान वर केली.

“कशापायी जाईल? सायबाला त्यो अडतीस दाखवा ना. शिसा ह्यो, शिसा त्यो. कागदावर काय नाव लिवलंय काय, भट्टीचा का शेंदराचा?”

सहदेवच्या मनातही नेमकं तेच आलं होतं, फक्त जरा शुद्ध भाषेत. तो काही बोलला नाही तरी चालण्यासारखं होतं. अडतीस हा आकडा एकटा त्या भट्टीला पुरून उरला असता. शिवाय फडक्याची गोष्ट बाहेर आली तर बेचाळीस आठवड्यांचे ‘उत्तम’ त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते. हंगामी माणसाला काढायला कारण लागत नाही. इथे तर बेचाळीस होती.

तो पुन्हा टाकीवर जाऊन बसला. समोर भट्टीच्या धुराड्यातून पिवळट धूर निघत होता आणि सावकाश खळ्याकडे येत होता.

“नाही काका,” तो म्हणाला. “महिपतशेठच्या भट्टीवर पण त्या दिवशी पूजा झाली असेल. त्यालाही शेंदूर ठाऊक आहे. त्याने विचारलं, खंडेनवमीला मशीनला काय लावलेलं, तर मावशी काय सांगतील?”

“खरा सांगेन,” मनुबाई म्हणाली. “द्येवाचा काम हाय, खोटा कशाला सांगू?”

“तेच म्हणतोय मी.”

मग त्याने बाही सरसावली. फडकं सोडलं, घडी करून पाकिटात घातलं आणि वर लिहिलं, ‘लुगड्याचा तुकडा, चार तास’. मनुबाईकडून घासणी मागून शेंदराचा पट्टा खरवडला, धुतला, पुन्हा धुतला. मनुबाईला ते बघवेना. “नवमीचा शेंदूर असा घासतात काय रं,” असं पुटपुटत तिने तोंड फिरवलं. कोरा कागद बसवून त्याने यंत्र चालू केलं. जावई पुन्हा मोकळ्या गळ्याने ओरडला.

“आता गुरुवारपर्यंत कुणी वर यायचं नाही. पुसायला नाही, पूजेला नाही, विचारपूस करायलासुद्धा नाही.”

“पानी तरी...”

“मावशी!”

मंगळवारी कागद काळा निघाला. बुधवारी काळा. गुरुवारी इतका काळा, की सहदेवने तो उजेडात धरला तरी पलीकडचं काही दिसलं नाही. घाणीकडे बघून इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी आकडे आले: साडेपाच, सहा, सात. नाक्याच्या सहापट. फडक्यातही शिसं निघालं. चार तासांचं, पण वर्षभराच्या शून्यांना पुरून उरेल इतकं.

डॉ. उपासनींनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. त्यांच्या आलेखाची खालची बाजू गेली होती.

“म्हणजे वर्षभर आपण हवेचं मूल्यमापन केलं नाही.”

“नाही सर. मनुबाईंच्या स्वच्छतेचं केलं.”

“आणि तुम्ही हे उद्या तिथे सांगणार?”

“सांगणार, सर.”

“प्रकल्पाचं काय होईल, कल्पना आहे?”

“माझं काय होईल याची आहे. प्रकल्पाचा विचार केला नाही.”

डॉ. उपासनींनी तक्त्यातले बेचाळीस आकडे लाल पेनने सावकाश खोडले आणि खाली सही केली. “पहिला कागद मी रद्द केला होता,” ते म्हणाले. “तेही लिहा.” वस्तुनिष्ठता माणसात उशिरा येते, पण येते.

शुक्रवारी कचेरीत महिपतशेठ पांढऱ्या सफारीत आला होता. तो सर्वांना नमस्कार करत होता, पंख्यालाही केला असता. मनुबाई हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली घालून, पहिल्या बाकावर बसली होती. सहदेवने सगळं वाचून दाखवलं: फडकं, शेंदूर, बेचाळीस खोडलेले आकडे आणि शेवटचे तीन.

महिपतशेठ उठला. “साहेब, म्हणजे बेचाळीस आठवडे आमच्या बाजूचे होते ते खोटे आणि तीन दिवस आमच्या विरुद्धचे तेवढे खरे? आमच्या भट्टीतून धूर निघत नाही साहेब. वाफ निघते.”

“वाफ?” मनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “मंग तुजी सफारी माज्या खल्यावर वालत घाल येक दिस. दुसऱ्या दिसाला घालून दाकव.”

मागच्या बाकांवरचा कोळीवाडा हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी महिपतशेठच्या सफारीकडे एकदा नीट बघितलं. मग फाइल चाळली.

निर्णय काय द्यावा, हा त्यांना प्रश्न होता. बेचाळीस आकडे रद्द, तीन आकडे भयंकर, एक फडकं. भट्टी धोकादायक आहे असं लिहायला तीन दिवस अपुरे आणि नाही असं लिहायला तर एकही दिवस शिल्लक नव्हता. अशा वेळी सरकारी माणूस जे लिहितो ते त्यांनी लिहिलं: ‘सखोल अभ्यासाची आवश्यकता. यंत्र त्याच जागी आणखी एक वर्ष चालवावे. अहवाल प्राप्त होईपर्यंत दुसऱ्या भट्टीचा अर्ज प्रलंबित.’

‘प्रलंबित’ या शब्दाने आजवर कितीतरी लोकांचं वाटोळं केलं असेल. पण त्या शुक्रवारी तो पहिल्यांदाच कोळणीच्या बाजूने उभा राहिला.

“म्हंजे काय झाला?” मनुबाईने बाहेर येऊन विचारलं.

“खळं राहिलं. सध्या तरी. जुनी भट्टी चालूच राहणार, नवी येणार नाही, आणि वर्षभर रोज कागद बदलायचा.”

“आन तू?”

“माझा पण हंगाम एक वर्ष वाढला. हे मशीन बिघडवायचं कसं हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही ना.”

“न् जावई?”

“तो पण राहतोय.”

मनुबाईने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती.

त्यानंतर सहदेव रोज सकाळी कोलशेतला जाऊ लागला. कागद काळा निघायचा आणि तो वहीत ‘उत्तम’ लिहायचा, या वेळी गच्ची चारही बाजूंनी तपासून. खळ्यावर मनुबाई जवळा पालथा घालत असायची, नाकातोंडावर त्याच जुन्या लुगड्याचं फडकं बांधून. त्याच्यातला एक तुकडा तेवढा सरकारजमा झाला होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याने बघितलं तर गच्चीच्या दाराला कुलूप.

“किल्ली?” त्याने विचारलं.

ओट्यावर जाळं विणणाऱ्या दामाजीने कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली.

“तिनंच दिली माज्याकरं. बोलली, मी मागितली तरी द्येऊ नको. तोंड काला दिसला का तिचा हात ऱ्हात नाय.”

“मागितली का मग?”

“काल तीन येल,” दामाजी म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.